तक्रार किती वाजता केली, ते आधी पाहा

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातली. एका शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या (आबा, वय ६८) व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाने मेसेज आला, ‘केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खातं बंद होईल.’ पाठोपाठ ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन आला. त्या माणसाने पाठवलेली फाइल आबांनी उघडली. ओटीपी मात्र त्यांनी कुणालाच सांगितला नाही. ६.१२ आणि ६.१४ ला प्रत्येकी ४९,५०० रुपये गेले. ६.३१ ला मी बँकेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली, तक्रार क्रमांकाचा एसएमएस आहे. तरीही ७.०५ ला आणखी ८२,००० गेले. सगळे बेदाण्याच्या सौद्याचे पैसे होते. रविवारी सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ३८,००० रुपये समोरच्या खात्यात गोठवले असं कळलं. सोमवारी शाखेत ‘ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला, आमचा संबंध नाही’ असं ऐकवलं आणि ‘ओटीपी मी स्वतः दिला’ असं लिहिलेल्या अर्जावर आबांची सही मागितली. सही केलेली नाही. आबांनी जेवण टाकलंय. आता एकजण ‘सायबर सेलमधून’ बोलतो म्हणून रोज फोन करतोय, पाच टक्के भरा, पैसे सोडवून देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : ताई, त्या अर्जावर सही केली नाहीत, हे फार बरं केलंत. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात तेव्हा निम्म्या वेळा लोक सही करूनच आलेले असतात. मग त्या एका ओळीशी झगडण्यात आमची वर्षं जातात. जे घडलं नाही ते लिहून द्यायचं नाही. पण जे घडलं ते लपवायचंही नाही. ‘अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडली, ओटीपी कुणाला सांगितला नाही’ एवढंच आणि असंच लिहा. फाइल उघडली हे मोबाइलमध्ये दिसणारच आहे. ते दडवलंत तर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

आता पैशाचं. ‘ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला’ म्हणजे ‘तुम्ही तो दिला’ असं होत नाही. अशी एपीके (ॲप बसवणारी) फाइल मोबाइलमध्ये बसली आणि तिला मेसेज वाचायची परवानगी मिळाली, की ओटीपी थेट चोराकडे जातो. घरात कुणी तोंडही उघडलेलं नसतं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक अशाच अनधिकृत व्यवहारांसाठी निघालं (सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात वेगळं निघालं; २०२५ मध्ये हे नियम रिझर्व्ह बँकेच्या एकत्रित निर्देशांत घेतले गेले). ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. शाखेतल्या साहेबांनी काउंटरवरून हात झटकल्याने तो भार उतरत नाही.

त्याच परिपत्रकाचा तुमच्या सर्वांत उपयोगाचा भाग वेळेचा आहे. समजा, ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे असं धरलं, तरी त्याचं नुकसान बँकेला कळवेपर्यंतचंच. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. तक्रार आली की पुढचे व्यवहार ताबडतोब रोखायचे, हेही त्यात लिहिलेलं आहे. तुमची तक्रार ६.३१ ची, पैसे गेले ७.०५ ला. म्हणजे ८२,००० रुपयांच्या बाबतीत आबांची चूक होती की नव्हती, हा वादच मुळात येत नाही. तो एसएमएस जिवापाड जपा. स्क्रीनशॉट घ्या, कॉल लॉगचाही घ्या आणि ते दोन-तीन ठिकाणी ठेवा.

पहिल्या ९९,००० बद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. अनोळखी फाइल उघडणं हाच निष्काळजीपणा, असं बँक म्हणणार आणि काही ठिकाणी ते मान्यही होतं. पण तुमची बाजू लंगडी नाही. स्टेट बँकेच्या एका ग्राहकाने भामट्याच्या सांगण्यावरून ॲप घेतलं, ९४ हजारांच्या वर रक्कम गेली आणि त्याने चोवीस तासांच्या आत कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला पैसे परत द्यायला लावले. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही जानेवारी २०२५ मध्ये तिचं म्हणणं फेटाळलं गेलं. त्या प्रकरणात ग्राहकाने जिच्याकडून खरेदी केली होती, त्या कंपनीच्या वेबसाइटवरूनच माहिती फुटली होती, हा फरक आहे आणि बँकेचा वकील तो दाखवणारच. तरीही ते प्रकरण अर्जात नमूद करण्यासारखं आहे.

शाखेत नवा अर्ज द्या, दोन प्रतींत. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिन्ही व्यवहार वेळेसह लिहा आणि पुढची माहिती मागा : व्यवहार कोणत्या मोबाइलवरून आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) झाले, पैसे घेणाऱ्याचं नाव खात्यात कधी जोडलं गेलं, सूचनेचे एसएमएस किती वाजता सुटले. तुमच्या ६.३१ च्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, असंही लेखी मागा. ही नोंद फक्त बँकेकडेच असते आणि मागितल्याशिवाय कुणी देत नाही. बँकेची जबाबदारी असलेली रक्कम कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करायची आणि तक्रार नव्वद दिवसांत निकाली काढायची, असं परिपत्रक सांगतं. हे आकडे अर्जात लिहा. काउंटरवरची भाषा बदलते, असा माझा अनुभव आहे.

पोलिसांकडे अजून गेला नसाल तर आजच जा. १९३० वरची नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. ‘सांगलीला सायबरला जा’ म्हणून तासगावातून परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. कलमं साधारणपणे भारतीय न्याय संहितेची ३१८(४) व ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी व ६६-डी लागतील. तपास मात्र निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, म्हणून पुढे कागद सांगलीला गेले तर घाबरू नका. नोंदच घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी कळवा, त्यानंतर न्यायालयाचा मार्ग मोकळा होतो. गोठवलेले ३८,००० सोडवण्यासाठीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. त्याला एफआयआरची प्रत जोडा.

मोबाइलचं विसरू नका. सिम काढून साध्या हँडसेटमध्ये टाका आणि ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग (आलेले फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं) बंद करा. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. तो मेसेज आणि फाइल पोलिसांनी पाहीपर्यंत पुसू नका, तोवर मोबाइल बंद ठेवा. अशी फाइल पुष्कळदा घरच्या नंबरांवर आपोआप पुढे जाते, तेव्हा पाव्हण्यारावळ्यांना फोन करून सांगा. पुढे बँकेच्या नावाने काही आलं तर दोन खुणा पाहा : बँकांचे खात्यासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत आणि वेबसाइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपायला हवा. फाइल पाठवून केवायसी कुठलीच बँक करत नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी नाही आणि १४४४८ वर माहिती मिळते. वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे चालत नाही, तेव्हा ती आबांच्याच नावाने जाऊ द्या. लिहायला तुम्ही आहातच. तेच प्रकरण ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून आधी लोकपाल. ग्राहक आयोगासाठी दोन वर्षांची मुदत आहे, तेवढी लक्षात ठेवा.

राहिला तो पाच टक्केवाला. पोलीस किंवा बँक गोठवलेले पैसे सोडवायला टक्केवारी घेत नाहीत. एकदा फसलेल्यांचे नंबर या टोळ्या एकमेकांना विकतात, हा त्यातलाच दुसरा फेरा. त्याला उत्तर देऊ नका, शिव्याही देऊ नका. नंबर आणि फोनच्या वेळा टिपून एफआयआरच्या जबाबात घाला. आणि हे उत्तर आबांना वाचून दाखवा, विशेषतः ८२,००० चा भाग. दोष देणारे घरात कुणी असतील तर त्यांनाही.