फीत मागायला आलेल्या बाई

प्रिय,

तुझं पत्र परवा आलं, दोनदा वाचलं. अभिलेखागारात रुजू होऊन तीन महिने होत नाहीत तोच एक बाई येऊन उभ्या राहतात. आजोबांनी फार पूर्वी कुणा संशोधकासमोर गायलेल्या गाण्यांची फीत मागतात आणि वर सांगतात, ही गाणी बाहेरच्यांनी ऐकायची नसतात. वरिष्ठ म्हणाले, एकदा दाखल झालेलं बाहेर जात नाही. तुला ते पटलं नाही, आणि त्यांचं चुकतंय असं ठामपणे म्हणवतही नाही. नोकरीच्या सुरुवातीलाच हा पेच पडला, याचं मला बरं वाटतं. आमच्या पिढीला तो फार उशिरा पडला.

आधी दाखल नोंदवही काढ आणि त्या फितीची ओळ नीट वाच. बहुतेक ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव पूर्ण असेल, तारीख असेल, फितीची लांबीसुद्धा असेल, आणि गाणारा नुसता ‘एक वृद्ध’ असेल. मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत. एका विणलेल्या टोपलीच्या फलकावर मी ‘कर्ता अज्ञात’ असं लिहिलं होतं. कित्येक वर्षांनी एक म्हाताऱ्या बाई त्या काचपेटीसमोर बराच वेळ थांबल्या, काचेवर बोट ठेवून काठाचे पीळ मोजू लागल्या. मग म्हणाल्या, “ही माझ्या मावशीची. ती डावखुरी होती, तिचाच पीळ असा उलटा पडायचा.” टोपली कुणाची हे माहीत असलेली माणसं सगळा काळ होतीच. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि ‘कुणी’ म्हणजे मीच. तो फलक मी त्याच दिवशी उतरवला. आजही ‘अज्ञात’ हा शब्द लिहिताना माझा हात अडतो, तुझाही अडू दे.

वस्तू माणसांपासून तुटली की तिचं काय होतं, याचं मातातुआ सभागृहाइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. न्यूझीलंडमधल्या न्गाती आवा या माओरी जमातीने ते उभारलं, १८७५ साली ते खुलं झालं. माओरींच्या लेखी असं घर म्हणजे पूर्वजाचा देह. वरचा आढा त्याचा कणा, वासे त्याच्या बरगड्या. १८७९ मध्ये सरकारने ते सिडनीच्या प्रदर्शनाला पाठवलं आणि तिथे ते उलटं उभं केलं गेलं. आतलं कोरीवकाम बाहेर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. जरा डोळ्यांसमोर आण: पूर्वजाची छाती उकलून बरगड्या बाहेर मांडल्या. पुढे ते लंडनला गेलं, १९२५ मध्ये न्यूझीलंडला परतलं, पण आपल्या माणसांत नव्हे, आणखी ७० वर्षं एका संग्रहालयात. १९९६ मध्ये ते न्गाती आवांच्या हाती आलं आणि २०११ मध्ये त्यांच्या मूळ गावी, व्हाकातानेला, पुन्हा खुलं झालं. इतकी वर्षं लाकूड शाबूत होतं. कागदोपत्री जपणुकीत काहीच कमी नव्हती.

तुझ्या वरिष्ठांची भीती मी समजू शकते. दिलेलं खराब झालं तर? अमेरिकेतल्या झुनी आदिवासींना हाच प्रश्न विचारला गेला. त्यांचे अहायुदा हे लाकडी युद्धदेव ठिकठिकाणच्या संग्रहालयांत गेले होते. १९७८ पासून झुनींनी ते परत मागायला सुरुवात केली, आणि ६० हून अधिक परत मिळवले. मग ते उघड्यावर ठेवले, ऊनपावसात. ते झिजून मातीला मिळावेत हाच त्यांचा धर्म. आम्ही लाकडाला बुरशी लागू नये म्हणून धडपडणारी माणसं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. पण ज्यांच्यासाठी ते घडवले, त्यांच्या दृष्टीने त्यांचं झिजणं थोपवणं हाच अपराध होता.

(वस्तू परत देण्याची वेळ आली तर एक विसरू नकोस: पूर्वी कीड लागू नये म्हणून पिसं, कातडी, केस यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगं सर्रास वापरत. कॅलिफोर्नियातल्या हूपा आदिवासींना परत मिळालेल्या नृत्याच्या साजात अशी विषं निघाली. ज्यांना तो साज अंगावर घालून नाचायचं आहे, त्यांना तपासणी केल्याशिवाय देऊ नये.)

कागदांचं तर याहून अवघड. कॅनडात निवासी शाळांमध्ये अत्याचार सोसलेल्या हजारो आदिवासींनी भरपाईसाठी बंद दाराआड जबान्या दिल्या. पुढे वाद झाला, त्या राष्ट्रीय ठेवा म्हणून ठेवायच्या का? २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: १५ वर्षांनी त्या नष्ट कराव्यात, मात्र ज्याला आपली जबानी जतन व्हावी असं वाटतं त्याला तसं सांगता येईल. ठेवायचं की नाही, हे ज्याने सोसलं त्याने ठरवायचं. अभ्यासकाचं नुकसान आहे, मी नाकारत नाही. तरी तो निकाल मला बरोबर वाटतो.

तुझ्या फितीबाबत ‘द्यायची की ठेवायची’ एवढ्या दोनच वाटा नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी समाजाबरोबर घडलेली मुकुर्तू नावाची संगणकप्रणाली आहे. तिच्यात कुणी काय पाहावं-ऐकावं हे समाजाच्या रिवाजाप्रमाणे ठरवता येतं. नियम त्यांचा, कपाट आपलं. बाईंना मूळ फीत हवी आहे, प्रत हवी आहे, की वाचनकक्षातली खुली प्रत बंद व्हायला हवी आहे, हे तू अजून विचारलेलं दिसत नाहीस. ते विचार. आणि त्यांच्याकडून उत्तर येईपर्यंत ती प्रत कुणालाही ऐकायला देऊ नकोस; एवढा अधिकार तुला आजही आहे.

त्यांना पुन्हा बोलावशील तेव्हा अर्ज पुढे करू नकोस. आदल्या दिवशी यंत्र तपासून ठेव, जुनी फीत ऐन वेळी तुटते. एकापेक्षा जास्त खुर्च्या मांड, त्या एकट्या येणार नाहीत. फीत लावून दे, बंद कशी करायची ते दाखव, आणि दार ओढून बाहेर ये. त्यांनी आत बोलावलं तरच जा.

तुझी,
बाई