हलक्या रोबोटचा ॲक्सल डुगडुगतो. बेअरिंग मोठं घेऊ की प्लेट जाड करू?

माझ्या मते दोन्ही नको. तुम्ही लिहिलंय की २ मि.मी. ॲल्युमिनियमच्या दोन प्लेट १० मि.मी. अंतरावर आहेत, त्यांत ८ मि.मी.चा शाफ्ट ६०८ क्रमांकाच्या बेअरिंगवर बसवलाय आणि चाक बाहेर लटकतंय. ६०८ची नुसती स्थिर भारक्षमता १.३ किलोन्यूटनच्या आसपास असते, म्हणजे शंभर किलोच्या वर. तुमच्या रोबोटला ती भरपूर आहे. आधी ढिलं होतं ते प्लेटचं भोक.

चाकाचा मध्य बाहेरच्या बेअरिंगपासून २० मि.मी. दूर आहे असं धरा. प्लेटमध्ये १० मि.मी. अंतर असेल, तर बाहेरच्या बेअरिंगवर चाकावरच्या भाराच्या तिप्पट जोर येतो आणि आतल्यावर उलट्या दिशेने दुप्पट. तेच अंतर ४० केलंत की बाहेर दीडपट, आत अर्धा. शिवाय भोकात ०.१ मि.मी. प्ले (ढिलाई) असेल, तर चाकाचा कलही चौथ्या हिश्शावर येतो. वाढतं ते फक्त शाफ्टचं थोडं वजन. त्यामुळे पहिलं काम हेच: आतली प्लेट आत सरकवा, चाक बाहेरच्या प्लेटला जमेल तितकं चिकटवा.

जागा असेल तर चाक दोन प्लेटच्या मधेच घ्या. मग डेड ॲक्सलही जमतो: शाफ्ट दोन्हीकडे घट्ट बोल्ट केलेला, बेअरिंग चाकात, स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र) थेट चाकाला. तो ॲक्सल प्लेटना एकमेकींशी बांधून ठेवतो, चेसिस आपोआप ताठ होते. हलक्या रोबोटसाठी मला हीच रचना सगळ्यात आवडते.

लाइव्ह ॲक्सलच (चाकाबरोबर फिरणारा शाफ्ट) ठेवायचा असेल, तर ७ मि.मी. रुंद बेअरिंगला २ मि.मी.चा पत्रा सरळ धरू शकत नाही, ते भोकात तिरकं होतं. मागून ५ मि.मी. जाडीची प्रिंट केलेली रिंग स्क्रूने बसवा. भार मात्र धातूच्या भोकावरच राहू द्या, रिंगने फक्त बेअरिंग सरळ ठेवायचं. नुसत्या पीएलएमधल्या (थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकमधल्या) प्रेस फिटवर, म्हणजे बेअरिंग भोकात दाबून घट्ट बसवण्यावर, विसंबू नका, उष्णतेने आणि सततच्या दाबाने त्याची पकड सुटते. समोरासमोरच्या प्लेट एकत्र क्लॅम्प करून एकदमच ड्रिल करा, म्हणजे भोकं एका रेषेत येतात. एकाच शाफ्टवर तिसरं बेअरिंग घालायचा मोह टाळा. जराही रेष चुकली की शाफ्ट जड फिरतो.

स्पेसरकडे, म्हणजे शाफ्टवर अंतर राखणाऱ्या नळीकडे, नीट बघा. तो फक्त बेअरिंगच्या आतल्या रेसला (शाफ्टवर बसणाऱ्या कड्याला) टेकला पाहिजे. ८च्या शाफ्टवर बाहेरून ११ मि.मी.चा स्पेसर चालतो. मोठा वॉशर घातलात तर तो शील्डवर (बेअरिंगच्या बाजूच्या झाकणावर) घासतो, मोटर विनाकारण जास्त करंट खाते आणि दोष गिअरबॉक्सचा वाटत राहतो. कॉलर (शाफ्टवर आवळायचं कडं) आवळतानाही बेअरिंग दोन्ही बाजूंनी दाबून धरू नका. बोटाने चाक फिरवल्यावर ते मोकळं फिरलं पाहिजे, आणि आत-बाहेर हलवून पाहिलं तर किंचित, जेमतेम जाणवेल इतकाच प्ले हवा.