१४ जणांच्या प्रोजेक्ट टीमसाठी सामायिक ऑनलाइन जागा कशी उभी करावी?

तुमची परिस्थिती अशी: १४ जणांची टीम, त्यातले ३ बाहेरच्या संस्थेचे, काम ८ महिन्यांचं, आणि सध्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर, ईमेलमध्ये नाहीतर कुणाच्या तरी लॅपटॉपवर. तुम्ही टूल कोणतं घ्यावं असं विचारलंय. गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं फाइली ठेवण्याचं सॉफ्टवेअर नेक्स्टक्लाउड, यांपैकी ऑफिसात जे आधीच आहे तेच घ्या. तिन्हींवर काम होतं. घोळ होतो तो फाइलींची मालकी न ठरवल्यामुळे, म्हणून आधी तेच सांगतो.

गूगलवर सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कुणीतरी आपल्या 'माय ड्राइव्ह'मध्ये फोल्डर करतो आणि तो सगळ्यांना शेअर करतो. फोल्डर दिसायला सामायिक असतो, पण आतली फाइल ज्याने बनवली त्याच्याच खात्याची राहते. तो माणूस नोकरी सोडून गेला, आयटीने खातं काढलं आणि फाइली दुसऱ्याच्या नावावर केल्या नसतील, तर खात्याबरोबर त्याही जातात. काढलेलं खातं परत आणायला अ‍ॅडमिनला २० दिवस मिळतात आणि एवढ्या दिवसांत कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून 'शेअर्ड ड्राइव्ह' करा. त्यातली फाइल संस्थेच्या मालकीची असते, माणूस गेला तरी जागची हलत नाही. वैयक्तिक जीमेलवर ही सोय नाही, ऑफिसचं वर्कस्पेस खातं लागतं आणि त्यातही आपल्या प्लॅनमध्ये ती आहे का ते पाहावं लागतं.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये हाच सापळा वेगळ्या रूपात आहे. चॅनलमध्ये टाकलेली फाइल टीमच्या शेअरपॉइंट साइटवर (टीमच्या सामायिक साठ्यात) जाते, पण दोघातिघांच्या खासगी चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये (त्याच्या वैयक्तिक साठ्यात) बसते. खातं काढल्यावर ते वनड्राइव्ह मूळ सेटिंगनुसार ३० दिवसच राखलं जातं. त्यामुळे नियम एकच आणि तो कडक: फाइल चॅनलमध्ये टाकायची, चॅटमध्ये फक्त तिची लिंक द्यायची.

आता हक्क. शेअर्ड ड्राइव्हमध्ये नवा सदस्य जोडताना काही बदललं नाही तर तो 'कंटेंट मॅनेजर' होतो, म्हणजे फाइली हलवू शकतो आणि कचऱ्यातही टाकू शकतो. चौदाही जणांना घाईघाईत असं जोडलं की दुसऱ्या आठवड्यात 'तो फोल्डर कुठे गेला?' सुरू होतं. तुमच्यासाठी मी अशी वाटणी करेन: २ 'मॅनेजर' (सदस्य जोडणारे-काढणारे; दोन अशासाठी की एक कधी रजेवर असतोच), २ 'कंटेंट मॅनेजर', ७ 'कॉन्ट्रिब्युटर'. बाहेरच्या तिघांना या ड्राइव्हमध्ये घेऊच नका, त्यांच्यासाठी देवाणघेवाणीचा दुसरा छोटा शेअर्ड ड्राइव्ह करा. वर दिलेला हक्क खालच्या फोल्डरांत उतरत जातो. मग एखाद्या फोल्डरापुरता तो तोडा, दुसऱ्यात वाढवा असं करत बसलात, की तीन महिन्यांनी कुणाला काय दिसतंय हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

कॉन्ट्रिब्युटर फाइल जोडू आणि बदलू शकतो, पण हलवू किंवा काढू शकत नाही. यावर कुरकुर होईल, होऊ द्या. अपवाद एकच: जे लोक 'ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप'मधून (संगणकावर ड्राइव्ह साध्या फोल्डरसारखा दाखवणारं गूगलचं अ‍ॅप) थेट एक्सेल किंवा ड्रॉइंगच्या फाइली उघडतात, त्यांना कॉन्ट्रिब्युटर हक्कावर त्या नुसत्या वाचता येतात, सेव्ह होत नाहीत. लोक याला 'सिंक बिघडलंय' म्हणतात. सिंक ठीक असतं, हक्क कमी पडतो. अशांना कंटेंट मॅनेजर करावंच लागतं. आणि माणसं एकेक करून जोडू नका. 'आतले' आणि 'बाहेरचे' असे दोन ईमेल ग्रुप करा आणि हक्क ग्रुपला द्या. पण ग्रुपमधल्या सगळ्यांना एकच हक्क मिळतो, तेव्हा 'आतले'ला कॉन्ट्रिब्युटर ठेवा आणि वरच्या चौघांना नावाने वाढीव हक्क द्या.

फोल्डर सातच्या वर नकोत, आणि नावाआधी दोन अंकी क्रमांक हवा:

00-इथून सुरुवात
01-करार आणि व्याप्ती
02-वेळापत्रक
03-चालू काम
04-मंजूर
05-बैठका
99-जुनं

यातला खरा उपयोगाचा भेद 03 आणि 04 मधला आहे. 04 मध्ये फाइल टाकायचं काम एकाच माणसाचं, आणि बाहेर जे पाठवायचं ते फक्त तिथूनच. तीनपेक्षा जास्त पातळ्या खोल जाऊ नका. कारण रोकडं आहे: विंडोजमधली बरीच सॉफ्टवेअर २६० अक्षरांपलीकडचा पत्ता (वरपासूनच्या सगळ्या फोल्डरांची नावं आणि फाइलचं नाव मिळून) उघडत नाहीत आणि शेअरपॉइंटची मर्यादा ४०० आहे. संगणकावर सिंक केलं की संस्थेचं नाव, साइटचं नाव हे सगळं त्या पत्त्यात आधीच भरलेलं असतं.

फाइलचं नाव असं: 2025-03-14_पुरवठादार-तुलना. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख असली की यादी आपोआप काळानुसार लागते. अंक इंग्रजी की देवनागरी हे एकदाच ठरवा (मी फाइलींच्या नावांत इंग्रजी ठेवतो), नाहीतर शोधताना अर्ध्या फाइली हाती लागत नाहीत. नावात तिरकी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब आणि प्रश्नचिन्ह नको, विंडोज ते घेत नाही. लिनक्स सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड चालवणार असाल तर आणखी एक गोष्ट: तिथे सहसा फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना, मात्रा, हलन्तसुद्धा. म्हणजे हाती उरतात ८५ चिन्हं. लांबलचक मराठी नाव अपलोड होताना अडतं ते यामुळे.

'फायनल', 'फायनल-२', 'एकदम फायनल' हे बंद करा. एकच फाइल ठेवा, आवृत्त्या प्रणाली सांभाळते. पण किती सांभाळते ते माहीत असू द्या. गूगल डॉक्समध्ये महत्त्वाच्या टप्प्यावर आवृत्तीला नाव देता येतं. ड्राइव्हवर चढवलेल्या पीडीएफ किंवा वर्डच्या जुन्या आवृत्त्या मात्र ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्या झाल्यावर पुसल्या जाऊ शकतात, त्या राखायच्या तर 'कीप फॉरएव्हर' निवडावं लागतं. मंजूर झालेल्या प्रत्येक फाइलला ते लगेच लावून टाका.

चॅटसाठी चार चॅनल पुरे: घोषणा, चालू काम, अडचणी, अवांतर. अवांतर ठेवाच, नाहीतर वाढदिवस अडचणींमध्ये साजरे होतात. फुकटातला स्लॅक वापरणार असाल तर ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसत नाहीत. आठ महिन्यांच्या कामात जानेवारीतला निर्णय मे महिन्यात शोधून मिळणार नाही.

म्हणून निर्णय चॅटमध्ये ठेवायचेच नाहीत. 00 मध्ये 'निर्णयवही' नावाची एक शीट करा. रकाने सहा: क्रमांक, तारीख, काय ठरलं, का, कुणी ठरवलं, कशावर परिणाम. एक ओळ अशी दिसेल: 'नि-१७ | १४ मार्च | चाचणी दोन टप्प्यांत | सगळी उपकरणं एकदम मिळणार नाहीत | प्रकल्पप्रमुख | वेळापत्रकातल्या २२ ते २६ ओळी'. 'का' हा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि दोन महिन्यांनी वाद नेमका त्याच्यावरूनच होतो. तो भरल्याशिवाय ओळ धरू नका.

कामांच्या बोर्डाबद्दल (प्रत्येक कामाचं एक कार्ड असलेला ऑनलाइन फळा) थोडक्यात, रकाने चार: करायचं, चालू, तपासणीत, झालं. प्रत्येक कार्डावर एकच नाव आणि एकच तारीख. दोन नावं लिहिली की ते काम कुणाचंच राहत नाही.

जुन्या फाइली सगळ्या नव्या फोल्डरांत लावत बसू नका. एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून नवं काम नव्या जागी. जुन्यातलं फक्त चालू असलेलं हलवा, बाकीचं जसंच्या तसं 99 मध्ये ओता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करण्याच्या भरीस पडू नका. तो 'पाच मिनिटांत पोचतो'साठी राहू द्या, पण तिथे आलेली फाइल ज्याने पाठवली त्यानेच त्याच दिवशी जागेवर लावायची.

सुरू करण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. बाहेरच्या एकाला फोनवर घ्या आणि त्याच्या खात्यातून काय दिसतंय ते वाचून दाखवायला सांगा. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, दोनचार लिंक उघडून पाहा. एखादी उघडली, तर तिच्यावर 'लिंक असलेला कोणीही' हे सेटिंग राहिलंय, ते काढा. हीच तपासणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कॅलेंडरवर टाकून ठेवा, आणि प्रकल्पाच्या शेवटच्या तारखेला 'बाहेरचे' ग्रुप रिकामा करण्याची आठवणही आजच लावा. त्या दिवशी सगळे पार्टीच्या तयारीत असतात.