शारदा सदन बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चनं चालवलं का?

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टनला असते, तिनं कॉप्ली स्क्वेअरमधल्या ट्रिनिटी चर्चचे फोटो पाठवले. आमच्या सोसायटीतले एक काका ठाम सांगतात की पंडिता रमाबाईंचं पुण्यातलं शारदा सदन, म्हणजे विधवांची शाळा, याच चर्चच्या पैशावर चालायचं. खरंय का हे? आणि चर्चची मंडळी, म्हणजे तिथला उपासक समूह, १७३३ ची म्हणतात, मग इमारतीवर १८७७ कसं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : काकांना सांगा, अर्धे मार्क. पण आधी इमारतीचं बघू, ते प्रकरण जास्त रंगतदार आहे.

१७३३ साल बरोबरच आहे. बॉस्टनमध्ये तेव्हा दोन अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडची) चर्चेस होती, किंग्ज चॅपल आणि ओल्ड नॉर्थ, तिथं जागा पुरेना म्हणून ही तिसरी मंडळी उभी राहिली. समर स्ट्रीटवर आधी लाकडी चर्च, मग १८२९ च्या सुमारास दगडी. मधे १७७६ मध्ये मोठाच पेच आला, कारण अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना होती आणि बाहेर तर राजाविरुद्ध युद्ध पेटलेलं. मुख्य पाळक इंग्रज सैन्याबरोबर निघून गेले, मागे राहिलेल्या सॅम्युअल पार्कर नावाच्या सहायकानं राजाची प्रार्थना सरळ गाळली आणि उपासना चालू ठेवली. चर्च वाचलं. माझ्या मते या मंडळीच्या इतिहासातला सगळ्यात हुशार निर्णय हाच, बाकी सगळं नंतरचं.

पुढे वस्ती सरकली तशी मंडळीनं बॅक बे भागात नवी जागा घेतली, आर्किटेक्टही ठरला, एच. एच. रिचर्डसन, आणि नोव्हेंबर १८७२ च्या मोठ्या आगीत समर स्ट्रीटचं जुनं चर्च जळून गेलं. म्हणजे आगीमुळे जागा बदलली असं जे सांगतात ते खरं नाही, बदलायचं आधीच ठरलं होतं. चारेक वर्षं उपासना एमआयटीच्या हंटिंग्टन हॉलमध्ये झाली (एमआयटी तेव्हा बॉस्टनमध्येच होती) आणि फेब्रुवारी १८७७ मध्ये नवं चर्च सुरू झालं.

बॅक बे म्हणजे खाडीत भराव टाकून केलेली जमीन. त्यामुळे खाली साधारण साडेचार हजार लाकडी खुंट ठोकलेत आणि त्यावर हा सगळा दगडी डोलारा. लाकूड पाण्याखाली राहिलं तर टिकतं, भूजल उतरून त्याला हवा लागली की कुजतं, म्हणून तिथं जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीवर सतत डोळा ठेवावा लागतो. आपल्याकडे बेसमेंटमध्ये पाणी आलं की पंप लावतात, तिकडे पाणी गेलं की धाबं दणाणतं!

आता पुणेकरांना अगदी आपला वाटेल असा भाग. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेजारीच हॅनकॉक कंपनीचा ६० मजली टॉवर बांधायला घेतला, त्याच्या खोदकामात कडेच्या आधारभिंती वाकल्या, माती सरकली आणि चर्चला तडे गेले. त्याच टॉवरच्या काचा नंतर १९७३ मध्ये पडायला लागल्या, दहा हजारांवर तावदानं बदलावी लागली, ते वेगळंच. चर्च कोर्टात गेलं, खटला वर्षानुवर्षं चालला, १९८७ मध्ये वरच्या कोर्टानंही चर्चच्या बाजूनं निकाल दिला आणि व्याजासकट १ कोटी १० लाख डॉलरच्या वर भरपाई मिळाली. शेजारच्या बिल्डरशी भांडणाऱ्या सोसायट्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आता शारदा सदन. रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात. मग तिथं दोनेक वर्षं फिरून व्याख्यानं दिली आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायची या बोलीवर. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, ते युनिटेरियन, म्हणजे वेगळ्याच ख्रिस्ती पंथाचे पाळक. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स होते आणि ते ट्रिनिटीचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक! काकांचे अर्धे मार्क इथले. ब्रुक्स त्याआधी १८८२-८३ च्या हिवाळ्यात भारतात येऊनही गेले होते.

पण असोसिएशन कुठल्याच एका चर्चची नव्हती. वेगवेगळ्या पंथांचे लोक त्यात होते, गावोगावी रमाबाई सर्कल होती, त्यांच्या वर्गणीतून पैसा यायचा, आणि शाळेत धर्मप्रचार करायचा नाही हे आधीच ठरलेलं. त्या अटीमुळेच तर रानडे, भांडारकर सल्लागार मंडळात आले. शाळा मार्च १८८९ मध्ये मुंबईत सुरू झाली, १८९० मध्ये पुण्यात आली, आणि मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून केसरीनं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तेव्हा ‘चर्चची शाळा’ हा शिक्का पुण्यातल्या त्या वादातून बसला असावा, बॉस्टनच्या हिशेबवहीतून नाही, असं मला वाटतं. दहा वर्षांची मुदत संपल्यावर मात्र रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चाललं, त्यामुळे दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एक झाल्या.

प्रश्न : ट्रिनिटी एपिस्कोपल आहे म्हणतात, मग ते प्रोटेस्टंट की कॅथलिक? पुण्यात त्यांच्यासारखं काही आहे का?
– एक वाचक, वानवडी

उत्तर : प्रोटेस्टंटच. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची ती अमेरिकन शाखा, पोपशी संबंध नाही, पण बिशप आहेत आणि उपासनेचा थाट बराचसा कॅथलिकांसारखा, म्हणून गोंधळ होतो. पुण्यात त्याच घराण्यातलं बघायचं तर कॅम्पातलं सेंट मेरीज, १८२५ चं, आणि गुरुवार पेठेतलं पंचहौद, म्हणजे होली नेम, १८८५ चं. टिळक-रानड्यांचं चहाचं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, गाजलं ते याच पंचहौद मिशनमधल्या चहावरून, १८९० मध्ये. १९७० पासून दोन्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत.