आनुवंशिक, आणि ढवळ्या-पवळ्याचा वाण

प्रश्न : 'अनुवांशिक' लिहावं की 'आनुवंशिक'? आणि त्याचा अर्थ 'जन्मजात' असाच ना?

आनुवंशिक. दुसरं काहीही नाही. 'अनुवांशिक' हे रूप फलकांवर, बातम्यांत, मुलांच्या वह्यांत रोज दिसतं आणि दर वेळी खटकतं. 'इक' लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे 'अ'चा 'आ', 'ओ'चा 'औ' होतो : समाज-सामाजिक, अनुषंग-आनुषंगिक, अनुवंश-आनुवंशिक. 'वंश'चा 'वांशिक' होतो तो बरोबरच, पण त्या तयार शब्दाला पुढून 'अनु' चिकटवता येत नाही. 'पारलौकिक'सारख्या मोजक्या शब्दांत दोन्ही पदांना वृद्धी होते, असा बचाव केला जातो. होते, पण तिथेही पहिलं पद सुटत नाही. 'परलौकिक' कुणी लिहीत नाही. 'रूढ झालं, चालवून घ्या' हेही मला मान्य नाही. हीच माणसं 'आनुषंगिक' बिनचूक लिहितात.

व्याकरण एवढंच. खरी गंमत आहे ती याच अर्थाच्या आपल्या घरच्या शब्दात : वाण.

'ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला.' ही म्हण सांगताना पुष्कळ जण वाण म्हणजे हळदीकुंकवाचं वाण समजतात, किंवा अर्थ न लावताच पुढे जातात. लिंग पाहा, म्हणजे घोटाळा होणार नाही. 'ते वाण' संक्रांतीला लुटतात. 'ती वाण' म्हणजे उणीव. त्या घरी कशाची वाण नाही, असं आपण म्हणतो. आणि 'तो वाण' म्हणजे रंग, संस्कृत 'वर्ण'. हे तीन वेगळे शब्द आहेत. म्हणीतला ढवळ्या धवल, पांढरा. पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस. दोघं एका दावणीला राहिले तर एकाची खोड दुसऱ्याला लागेल, रंग लागणार नाही. जन्मानं येतं ते आणि संगतीनं येतं ते, यांतला भेद या एका ओळीत चोख मांडला आहे. ऑगस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या कापल्या आणि पिल्लं तरीही शेपटीसकटच जन्मतात हे दाखवलं, तोच हा भेद.

आता व्युत्पत्ती. 'वर्ण'चं प्राकृत 'वण्ण', आणि मराठीत प्राकृतातल्या जोड 'ण्ण'चा 'न' होतो : पर्ण-पान, कर्ण-कान, जीर्ण-जुना, चूर्ण-चुना, सुवर्ण-सोने. एकेरी 'न'चा मात्र 'ण' होतो : पानीय-पाणी, जन-जण. म्हणजे नियमानं 'वर्ण'चा 'वान'च व्हायला हवा! आणि तो झालेला आहे. 'वानगी' पाहा. जुन्या मराठीतलं 'वानणे', म्हणजे वर्णन करणे, स्तुती करणे, तेही पाहा. दोन्हींत न आहे. तेव्हा शेतकरी बियाण्याच्या जातीला 'बियाण्याचा वान' म्हणतो, त्याला 'ण म्हणा' असं शिकवणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांनी जरा थांबावं. या शब्दापुरता त्याचाच उच्चार नियमाला धरून आहे. 'वाण'मधला ण मागाहून 'वर्ण'कडे पाहून आला, किंवा म्हणीत 'गुण'शी जुळवून घेताना आला असावा.

माझा आणखी एक तर्क आहे. 'पोरगं अगदी बापावानी दिसतं' यातलं 'वानी' याच 'वान'चं असावं : बापाच्या रंगाचं, म्हणून बापासारखं.

रंगाचा शब्द जातीला कसा लागला? 'वर्ण म्हणजे समाजातला वर्ग, तिथून बियाण्याचा वर्ग' असं काही जण सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं. गोठ्यात आणि खळ्यात जात रंगावरूनच ओळखायची असते. देवणी गाईंचे वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार आजही अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगाच्या ठेवणीवरून ठरतात. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या मेंडेलनं 1866 साली छापलेल्या निबंधात वाटाण्याची सात लक्षणं घेतली, त्यांतली तीन रंगाचीच होती. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला 6022 दाणे पिवळे आणि 2001 हिरवे मिळाले. पहिल्या पिढीत हिरवा कुठेच दिसत नव्हता. दडून बसलेला वाण दुसऱ्या पिढीत जवळजवळ तीनास एक या प्रमाणात वर आला. आनुवंशिकतेचा नियम सापडला तोही दाण्याचा रंग मोजून.

म्हणून 'गुणसूत्र' या परिभाषेशी माझं भांडण आहे. आनुवंशिक लक्षणं वाहून नेणाऱ्या पेशीतल्या धाग्यांचं, इंग्रजीतल्या 'क्रोमोसोम'चं, हे मराठी नाव. 'क्रोमोसोम' हे नाव 1888 साली वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञानं दिलं, ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग आणि 'सोमा' म्हणजे शरीर यांवरून, कारण पेशीतले हे धागे रंगद्रव्य चटकन धरतात. परिभाषा करणाऱ्यांनी त्यात 'गुण' घातला. म्हणीच्या हिशेबात शेजाऱ्याकडून लागतो तो! काही जुन्या लेखनात 'रंगसूत्र' होतं, ते पुष्कळ बरं होतं. 'वाणसूत्र' केलं असतं तर रंगही आला असता आणि वंशाकडून येणारं लक्षणही. एका मराठी शब्दात हे दोन्ही अर्थ शतकानुशतकं एकत्र नांदत असताना तो कुणाला सुचू नये, याचं मला वाईट वाटतं.

'जन्मजात'चं राहिलंच. नाही, तो अर्थ वेगळा. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं; ते जन्मजात, पण आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार आनुवंशिक आहे आणि बहुधा तिशी-चाळिशी उलटल्यावर दिसतो. विदर्भात, नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार दोन्ही आहे : आईबाप दोघंही वाहक (स्वतः आजारी नसून दोष पुढे देऊ शकणारे) असले तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक.