टीम लीड झालास, आता हे जरा नीट वाच

तुझा मेसेज आला, ऐरोलीच्या ऑफिसात तुला टीम लीड केलं, खूप म्हणजे खूपच आनंद झाला. फोनवर हे सगळं नीट बोलून झालं नसतं म्हणून लिहितेय. तू म्हणालास की डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजनचं, म्हणजे वेगवेगळ्या माणसांना घेऊन त्यांना सामावून घेण्याचं, ट्रेनिंग झालं, स्लाइड्स बघितल्या, शेवटची क्विझ पण पास झालो, पण सोमवारी टीमसमोर बसल्यावर नक्की करायचं काय? तर पॉलिसी येते वरून, सही असते मोठ्या साहेबांची, पण माणसाला इथे आपलं वाटतं की नाही ते ठरतं तुझ्या टेबलापाशी, सकाळच्या मीटिंगमध्ये, डब्याच्या वेळी, शिफ्टचं रोस्टर लावताना. म्हणजे तुझ्या हातात वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहे.

बाबासाहेबांचं बडोद्याचं प्रकरण तुला माहीत असेल, 1917 सालचं. कोलंबियात शिकून आलेला माणूस, शिष्यवृत्ती खुद्द सयाजीराव महाराजांनी दिलेली, नोकरीही त्यांच्याच संस्थानात, आणि तरी ऑफिसातले शिपाई फायली लांबून टेबलावर टाकायचे, शहरात राहायला जागा मिळेना, शेवटी नोकरी सोडून मुंबईला परत यावं लागलं. नेमणूक अगदी वरून झाली होती रे. खालच्या माणसांनी जागा दिली नाही. मी नवीन लीडना हे कायम सांगते कारण आपल्याकडे अजूनही सगळं लक्ष किती जणांना घेतलं यावर असतं, घेतल्यावर त्यांचं काय झालं ते कोणी बघत नाही.

आता फायली कोणी फेकत नाही, आता आडनाव विचारतात. आपण मराठी माणसं यात फार तरबेज आहोत. नवीन मुलगा जॉइन झाला की पहिल्या चहाला "पूर्ण नाव काय? गाव कुठलं? म्हणजे त्या अमक्यांपैकी का?" आणि विचारणारा म्हणतो मी सहज विचारलं. सहज नसतं ते, समोरच्याला बरोबर कळतं की आपल्याला कुठल्या खणात ठेवायचं ते चाललंय. मग कोणीतरी मेरिटवर बोलतो, कोणी कॉलेजातल्या कॅटेगरीच्या सीटवरून काहीतरी टाकतो, सगळे हसतात आणि तो मुलगा पण हसतो. तो हसला म्हणून त्याला चाललं असं समजू नकोस. तुझ्यासमोर झालं तर तिथल्या तिथे, आवाज न चढवता, "हा विषय आपल्या टीममध्ये नको" एवढं म्हण आणि कामाचं बोलायला लाग. भाषण नको. आणि नंतर त्या मुलाला बाजूला घेऊन सॉरी वगैरे म्हणत बसू नकोस, त्याला अजून वेगळं पाडल्यासारखं होतं, त्याला चांगलं काम दे आणि क्लायंटच्या कॉलवर त्याचं काम त्यालाच मांडू दे.

डब्याचं पण तेच. तुमच्या भागात आगरी कोळी मुलं मुली आहेत, डब्यात सुकट असणार, बोंबील असणार, मांदेलीचं कालवण असणार. आणि मायक्रोवेव्हवर कोणीतरी हमखास कागद चिकटवतो की वासाचे पदार्थ गरम करू नयेत. हा कागद तुझ्या फ्लोअरवर दिसला तर ॲडमिनशी बोल, एक्झॉस्ट लावून घ्या, दुसरा मायक्रोवेव्ह मागा, पण कागद काढायला लाव. कोणी म्हणेल की शाकाहारी लोकांचंही ऐकायला हवं, हवंच, त्यांनी हवं तर वेगळ्या टेबलावर बसावं यात काही वाईट नाही. पण ज्याचं जेवण चोरून खायची गोष्ट होते तो माणूस हळूहळू खाली टपरीवर जेवायला लागतो, आणि टीमची निम्मी महत्त्वाची बोलणी जेवतानाच होतात, मग तो त्यातून पण बाहेर.

गावांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे ही आधी गावं आहेत, आयटी पार्क नंतर आले. 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी, मिठागरं गेली, आणि 1984 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणजवळ जासईकडे आंदोलन झालं त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, मग पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण "लोकल आहे, जपून घ्या, भांडण काढेल" हे वाक्य मी नवी मुंबईतल्या इंटरव्ह्यूनंतर स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ज्यांच्या जमिनीवर आपण एसीत बसतो त्यांची मुलं ऑफिसात फक्त सिक्युरिटी, हाउसकीपिंग आणि कॅबच्या सीटवरच दिसत असतील तर तुला ते खटकलं पाहिजे. आणि जे या कामावर आहेत, त्यांना नावाने हाक मार. मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असेल तर तो उचलून बाकीच्या कपांत ठेव, बघतील सगळे.

भाषेचं सांगते, इथे तू आणि मी दोघांनी जास्त काळजी घ्यायला हवी. आपल्या भागात आपण मराठीत बोलणारच, बोलावंच, त्यात लाज कसली. पण मीटिंगमध्ये ओडिशाचा किंवा केरळचा कोणी बसलेला असताना कामाचा निर्णय मराठीत झाला तर त्याला तो दुसऱ्या दिवशी मेलमधून कळतो. निर्णयाची भाषा सगळ्यांना कळेल ती, गप्पांची भाषा ज्याची त्याची. आणि उलटही बघ, आपल्या जळगाव लातूरकडच्या मुली इंग्लिशमध्ये अडखळतात म्हणून गप्प असतात, त्यांना मुद्दे एक दिवस आधी पाठव, लिहून उत्तर दिलं तरी चालेल म्हण. कोण बोलत नाही याकडे लक्ष ठेव आणि विशेषतः "मला समजलं नाही" कोण म्हणू शकतं ते बघ. ज्याला आपली जागा पक्की वाटते तोच हे म्हणतो.

बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या बाईबद्दल लीड लोक एक ठरावीक गोष्ट करतात, प्रेमाने करतात, "तिला त्रास नको" म्हणून तिचं मोठं मॉड्यूल काढून दुसऱ्याला देतात. तिला विचार रे आधी! 2017 साली ही पगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली, म्हणजे तिने कायद्याचा हक्क घेतलाय, कोणाचे उपकार नाहीत, मग अप्रेझलला "ती नव्हती ना सहा महिने" हे कारण येऊ द्यायचं नाही. रात्रीच्या शिफ्टला महाराष्ट्रात बाईची संमती लागते, साडेनऊनंतर थांबवायचं तर सुरक्षिततेची सोय करायला लागते, त्यामुळे रोस्टर लावून मग विचारू नकोस, विचारून मग लाव. आणि कोणी तुझ्याकडे छेडछाडीची तक्रार घेऊन आली तर तू समजूत घालायला, दोघांना एका खोलीत बसवायला जायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती असायलाच लागते, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, तिला हे सांग, समितीतल्या लोकांची नावं दे, आणि तिने सांगितलेलं तुझ्यापाशी ठेव.

अपंगत्वाबद्दल थोडक्यात. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यातले बरेच बघून कळत नाहीत, म्हणून "कोणाला आहे का" असं विचारत फिरू नकोस. सगळ्याच कॉलवर कॅप्शन चालू ठेव, चार्टमध्ये फक्त लाल हिरव्या रंगावर अर्थ टाकू नकोस, टीम आउटिंग ठरवताना कर्नाळ्याचा ट्रेक हा एकच पर्याय नको. आणि कोणी गे आहे, ट्रान्स आहे असं तुला विश्वासाने सांगितलं तर ते पुढे कोणाला सांगायचं हे तो किंवा ती ठरवेल, तू नाही.

आता तुझ्या गुरुवारच्या इंटरव्ह्यूंचं. पॅनलमध्ये "आपल्यात बसेल का हा" असा प्रश्न येईल, नक्की येईल. तेव्हा विचार, बसेल म्हणजे कामात नक्की काय? सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाने मार्क लिहून टाकायचे, नाहीतर सीनियर माणूस पहिलं वाक्य बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. प्रश्नांची यादी केलीस की बुधवारी दुपारपर्यंत मला पाठव, मी बघून रात्री फोन करते.