बेसबॉलचे इतके महान खेळाडू डावखुरे कसे?

तुमचे प्रश्न दोन. बेब रूथ, लू गेरिग, टेड विल्यम्स, बॅरी बॉन्ड्स हे सगळे डावखुरेच निघावेत हा योगायोग, की डावखुऱ्यांत उपजतच काही असतं? आणि त्यांतला सर्वांत मोठा कोण?

आधी यादीतला घोळ काढू. टेड विल्यम्स बॅटिंग डावीकडून करायचा, पण थ्रो उजव्या हाताने. टाय कॉब तसाच, योगी बेरा तसाच. थ्रोचा हात तो खरा हात असं धरलं, तर यादी बरीच आटते. (हा नियमही पक्का नाही म्हणा, आपला सचिन लिहितो डाव्या हाताने आणि बाकी सगळं उजव्याने.) रूथ, गेरिग, बॉन्ड्स, स्टॅन म्युझियल, केन ग्रिफी ज्युनिअर हे दोन्ही बाबतीत डावे. त्यातही गंमत म्हणजे म्युझियल आणि ग्रिफी दोघे पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा नावाच्या एकाच छोट्या गावात जन्मले, तेही २१ नोव्हेंबरलाच, ४९ वर्षांच्या अंतराने. योगायोग म्हणायचाच तर तो हा.

बाकीचं बरंचसं मैदानामुळे घडतं. बॅटरला मारून झाल्यावर उजवीकडे, फर्स्ट बेसकडे (धावेच्या वाटेतला पहिला थांबा) ९० फूट पळायचं असतं. डावखुरा बॅटर उभाच त्या बाजूला असतो, म्हणजे तीन-चार फूट आधीच वाचले. शिवाय बॅट फिरवल्यावर त्याचं अंग आपोआप बेसकडे झुकतं. उजव्याला आधी तोल सावरून मग धावावं लागतं. इचिरो सुझुकीने यावरच दुकान मांडलं. उजव्या हाताचा माणूस, पण बॅटिंग डावीकडून, आणि बॉलला बॅट लागते न लागते तोच पाय फर्स्ट बेसकडे निघालेले. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फील्डर) बॉल उचलून फेकेपर्यंत हा बेसवर. २००४ साली त्याने २६२ हिट्स (बॉल मारून सुखरूप बेस गाठणं म्हणजे हिट) काढल्या, एका सीझनचा तो विक्रम आहे.

दुसरं कारण पिचरचं, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचं. बहुतेक पिचर उजव्या हाताचे. त्यांचा वळणारा बॉल उजव्या बॅटरपासून लांब पळतो, डाव्याकडे मात्र आत येतो आणि हातातून सुटल्यापासून नीट दिसतो. न्यूयॉर्कच्या जुन्या यँकी स्टेडियममध्ये तर राइट फील्डची (बॅटरकडून पाहता उजवीकडच्या मैदानाची) कडा ३०० फुटांच्याही आत होती. डावखुरा ज्या बाजूला ओढून मारतो, नेमकी तीच.

उपजत देणगी असती तर डावखुरे सगळ्या जागांवर दिसले असते. तसं होत नाही. शॉर्टस्टॉप, सेकंड बेस, थर्ड बेस इथे डाव्या हाताने थ्रो करणारा जवळपास सापडत नाही, कारण बॉल अडवल्यावर फर्स्ट बेसकडे फेकायला त्याला अख्खं अंग वळवावं लागतं आणि तेवढ्यात रनर पोचतो. बॅटरच्या मागे बसणारे कॅचरही उजवेच. उरलं काय? पिचिंग, फर्स्ट बेस आणि आउटफिल्ड, म्हणजे बेसच्या पलीकडचं लांबचं मैदान. म्हणून माझं मत असं की खरा डावखुरा पाहायचा तर पिचरमध्ये पाहावा.

तिथे वॉरन स्पानचे ३६३ विजय आहेत, डावखुऱ्यांत सर्वाधिक. सहा फूट दहा इंच उंचीच्या रँडी जॉन्सनने ४,८७५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद) काढले. त्याच्या पुढे फक्त नोलन रायन. स्टीव्ह कार्लटनने १९७२ साली एकट्याने २७ सामने जिंकले, आणि त्याच्या फिलाडेल्फियाचे त्या सीझनचे एकूण विजय होते ५९!

पण माझा माणूस डॉजर्स संघाचा सँडी कूफॅक्स. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा (सीझनअखेरची अजिंक्यपदाची मालिका) पहिला सामना त्याने ज्यूंच्या योम किप्पूर या पवित्र दिवशी आला म्हणून सोडला. सातव्या, निर्णायक सामन्यात मात्र फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर तो उतरला. कर्व्हबॉल, म्हणजे वळणारा बॉल, त्या दिवशी जमत नव्हता, कोपराचा सांधा आधीच कामातून चाललेला. मग नुसत्या फास्टबॉलवर त्याने मिनेसोटाला शून्यावर ठेवलं, डॉजर्स २-० ने जिंकले. पुढच्या वर्षी २७ विजय मिळवून, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपरामुळेच निवृत्त झाला.

तरी सर्वांत मोठा कोण, याला माझं उत्तर रूथच, आणि ते ७१४ होम रनमुळे (बॉल थेट मैदानाबाहेर, क्रिकेटच्या षटकारासारखा) नाही. बोस्टनमध्ये असताना तो अव्वल डावखुरा पिचर होता. वर्ल्ड सिरीजमध्ये एकही रन न देता सलग २९⅔ इनिंग (तीन बॅटर बाद झाले की एक इनिंग) टाकण्याचा त्याचा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. तो मोडला व्हायटी फोर्डने, त्याच वर्षी रूथचा ६० होम रनचा विक्रम रॉजर मॅरिसने मोडला. फोर्ड डावखुरा पिचर, मॅरिस डावखुरा बॅटर. एकाच माणसाचे विक्रम मोडायला दोघं लागले.

आता कोणीतरी शोहेई ओहतानीचं नाव काढणारच. तो पिचिंग उजव्या हाताने करतो. डावखुऱ्या बॅटरांच्या यादीत घाला, खुशाल वरच्या पाचांत घाला. पिचरांच्या या यादीत नाही.